अपयशाविषयी आपण काय मानतो?

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी कलकत्त्याजवळच्या सेरामपूर महाविद्यालयाच्या सभागृहात एक मराठी स्त्री इंग्रजीतून भाषण करण्यासाठी उभी राहिली. आनंदीबाई जोशी यांना वयाची अठरा वर्षे पूर्ण व्हायला अजून महिनाभराचा अवकाश होता. वैद्यकीय शिक्षणासाठी एकटीने अमेरिकेला जाण्याचा त्यांचा बेत सर्वांना कळला होता आणि त्यावर उलटसुलट चर्चा सुरू होती. लोक जे प्रश्न विचारत होते, तेच एकेक करून घेत आनंदीबाईंनी त्यांची उत्तरे दिली. अमेरिकेलाच कशासाठी? हिंदुस्थानात शिक्षणाची सोय नाही का? एकटीच का? परत आल्यावर जात बहिष्कार घालणार नाही का? आजवर कोणत्याही स्त्रीने जे केले नाही, ते तुम्हीच का करावे? या प्रश्नांच्या ओळीत आणखी एक प्रश्न होता : परदेशात काही संकट ओढवले तर काय कराल?

त्यांच्या उत्तराचा आशय असा होता की, संकट माणसाला कोठेही गाठू शकते. अपयश येईल किंवा दुःख भोगावे लागेल या भीतीने कर्तव्य सोडून देणे न्याय्य नाही. हे उत्तर देणाऱ्या स्त्रीला संकट म्हणजे काय हे पुस्तकातून कळलेले नव्हते. नवव्या वर्षी विवाह आणि चौदाव्या वर्षी, जेमतेम दहा दिवसांच्या बाळाचा मृत्यू, एवढे सगळे त्यांच्या वाट्याला येऊन गेले होते. त्याच वर्षी ७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून निघाल्या, जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियामधून डॉक्टर झाल्या.

आनंदीबाईंचे धैर्य, चिकाटी, गोपाळरावांचा हट्ट या गोष्टींवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र त्या एका उत्तरामागची धारणा हा आहे. अपयशाकडे माणूस कोणत्या नजरेने पाहतो, यावर तो प्रयत्न करतो की नाही, किती काळ करतो आणि अडखळल्यावर मदत मागतो की तोंड लपवतो, हे बरेचसे ठरते. गेल्या सत्तर वर्षांत अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी या संबंधाचा बारकाईने अभ्यास केला. त्यातून जे हाती आले, ते येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना विशेष लागू पडते. कारण आपल्यापैकी बहुतेकांचा येथवरचा प्रवास यशाच्या जोरावर झालेला आहे आणि अपयशाशी आपला सराव कमी आहे.

घटना, धारणा, परिणाम

१९५५ च्या सुमारास न्यूयॉर्कमधील मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांनी एक साधे सूत्र मांडले. ए म्हणजे घटना, बी म्हणजे त्या घटनेविषयीची आपली धारणा आणि सी म्हणजे परिणाम, अर्थात आपल्या भावना आणि वर्तन. आपण समजतो की ए मुळे सी होते. पदोन्नती नाकारली गेली म्हणून मी खचलो. एलिस यांचे म्हणणे असे, की मधली बी ही पायरी आपल्या लक्षातच येत नाही. पदोन्नती दोघांना नाकारली गेली, तर एक जण चार दिवस खट्टू होऊन वरिष्ठांकडे नेमके काय कमी पडले याची चौकशी करतो. दुसरा नव्या जबाबदाऱ्या मागणेच थांबवतो. घटना तीच असते. पहिला मनाशी म्हणत असतो, ‘हे मला हवे होते, मिळाले नाही, वाईट झाले.’ दुसरा म्हणत असतो, ‘हे मला मिळायलाच पाहिजे होते, मिळाले नाही, म्हणजे मी कुचकामीच आहे.’

या दोन वाक्यांतील फरक मराठीत एका अक्षरावर येऊन थांबतो, तो म्हणजे ‘च’. मिळायला हवे आणि मिळायलाच हवे; चुकलो आणि चुकीचाच आहे. इच्छेचे हट्टात आणि एका प्रसंगाचे संपूर्ण माणसावरील निकालात रूपांतर करण्याचे काम हा ‘च’ करतो. एलिस यांच्या उपचारपद्धतीचा बराचसा भाग हा ‘च’ शोधून काढण्याचा आणि तो कशाच्या आधारावर उभा आहे, असे स्वतःला विचारण्याचा आहे.

एलिस यांना हे केवळ ग्रंथांतून सुचलेले नव्हते. तरुणपणी त्यांना स्त्रियांशी बोलण्याची विलक्षण भीती वाटत असे. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी स्वतःला एक कामगिरी नेमून दिली : ब्राँक्समधील वनस्पती उद्यानात महिनाभर जायचे आणि बाकावर एकटी बसलेली जी स्त्री दिसेल, तिच्याशेजारी बसून बोलायला सुरुवात करायची. ते स्वतः ही हकिकत सांगत, त्यानुसार सुमारे शंभर जणींशी त्यांचे बोलणे झाले, भेटीचे आश्वासन एकीनेच दिले आणि तीही ठरल्या वेळी आली नाही. हिशेब मांडला तर हे निखळ अपयश होते. पण त्या महिन्यात आभाळ कोसळले नाही, कोणी पोलिसांना बोलावले नाही आणि त्यांची भीती मात्र गेली.

ही विचारसरणी महाराष्ट्राला अपरिचित नाही. मुंबईचे मानसतज्ज्ञ किशोर फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून ती आत्मसात केली आणि विवेकनिष्ठ मानसोपचार या नावाने तिचा प्रसार केला. अंजली जोशी यांच्या ‘मी अल्बर्ट एलिस’ या पुस्तकामुळे एलिस यांचे आयुष्य अनेक मराठी घरांत पोहोचले.

आत्मविश्वास कशातून तयार होतो

धारणा वर्तन घडवते, एवढे मान्य केले की पुढचा प्रश्न उभा राहतो : धारणा कोण घडवते? ‘स्वतःवर विश्वास ठेव’ असे सांगितल्याने विश्वास निर्माण झाला असता, तर प्रेरणादायी व्याख्याने ऐकून घरी गेलेला प्रत्येक श्रोता दुसऱ्या दिवशी बदललेला दिसला असता.

या प्रश्नाचे सर्वांत भक्कम उत्तर स्टॅनफर्ड विद्यापीठाचे अल्बर्ट बांडुरा यांनी दिले. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात सापांची तीव्र भीती असलेल्या माणसांवरील प्रयोगांचा आधार आहे. काहींना दुसरी व्यक्ती बोआ जातीचा साप हाताळताना नुसती दाखवली गेली. काहींना मार्गदर्शकाच्या सोबतीने, पायरीपायरीने, स्वतः तो साप हाताळायला लावले. ज्यांनी स्वतः हाताळला, त्यांच्या मनात ‘हे मला जमेल’ ही खात्री सर्वांत पक्की झाली आणि त्यांचे पुढचे वर्तनही त्या खात्रीशी जुळणारे ठरले. बांडुरा यांनी या धारणेचे चार स्रोत सांगितले : स्वतः पार पाडलेल्या कामाचा अनुभव, आपल्यासारख्याच दुसऱ्या माणसाला ते करताना पाहणे, विश्वासातल्या व्यक्तीचे शब्द आणि त्या वेळची आपली शारीरिक व भावनिक अवस्था. यांत स्वानुभव सर्वांत बलवान. नुसते शब्द त्या मानाने दुबळे.

या चौकटीतून आनंदीबाईंकडे पाहिले तर सेरामपूरचे भाषण अचानक उगवलेले वाटत नाही. टपाल खात्यातील पतीच्या बदल्यांबरोबर अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता असा त्यांचा प्रवास झाला होता. प्रत्येक ठिकाणी लोकांचे टक लावून पाहणे, टोमणे आणि कुचेष्टा सोसत घराबाहेर पडण्याचा सराव त्यांना झाला होता. मराठीपाठोपाठ इंग्रजी आणि संस्कृत शिकता येते, याचा प्रत्यय आला होता. दुसरीकडे, न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर यांनी दंतवैद्याकडे वाट पाहत असताना एका मिशनरी मासिकात गोपाळरावांचे पत्र वाचले आणि त्यातून सुरू झालेला पत्रव्यवहार तोवर सुमारे तीन वर्षांचा झाला होता. समुद्रापलीकडे आपली वाट पाहणारे एक घर आहे, ही माहिती म्हणजे आश्वासक शब्दांहून पुष्कळ अधिक होती. आनंदीबाईंचा विश्वास लहान लहान पुराव्यांवर उभा होता, म्हणून तो बोटीवर आणि फिलाडेल्फियाच्या थंडीतही टिकला.

‘हुशार’ या विशेषणाची किंमत

आता आपल्या घरांकडे वळू. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या मराठी पिढीच्या बालपणात दहावी-बारावीची गुणवत्ता यादी हा वार्षिक सोहळा होता. ‘बोर्डात आलेला’ हे विशेषण माणसाला आयुष्यभर चिकटत असे. त्याच्या पाठीमागे एक जुनी धारणा उभी होती, तीच आपली म्हणही सांगते : आडात नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार? म्हणजे बुद्धी ही आडातल्या पाण्यासारखी. असली तर असली. त्याच भाषेत ‘प्रयत्नांती परमेश्वर’ ही म्हणही आहे. पण निकालाच्या दिवशी पेढे वाटताना कोणती म्हण कामी येत असे, हे आपल्याला ठाऊक आहे. ‘पोरगा हुशार आहे’ असेच लोक म्हणत. ‘पोराने अडलेली गणिते पुन्हा पुन्हा सोडवली’ असे सहसा कोणी म्हणत नसे.

या कौतुकाचा मुलांवर काय परिणाम होतो, हे क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी तपासले. कोलंबिया विद्यापीठात असताना त्यांनी केलेले हे प्रयोग १९९८ साली प्रसिद्ध झाले. पाचवीतल्या मुलांना आकृत्यांची कोडी सोडवायला दिली गेली. ती सोडवून झाल्यावर काहींना सांगितले गेले, ‘तू नक्कीच हुशार असणार’. काहींना सांगितले गेले, ‘तू नक्कीच खूप मेहनत घेतली असणार.’ फरक एका वाक्याचा होता. पुढची कोडी निवडण्याची संधी मिळाल्यावर ‘मेहनती’ ठरलेल्या बहुतेक मुलांनी ज्यातून काही शिकता येईल, अशी निवडली. ‘हुशार’ ठरलेल्यांपैकी अनेकांनी ज्यात आपली हुशारी दिसेल, अशी निवडली. मग सर्वांना मुद्दाम अवघड कोडी दिली गेली आणि सर्वांचीच गाळण उडाली. त्यानंतर पुन्हा पहिल्यासारखी सोपी कोडी आली, तेव्हा ‘हुशार’ मुलांची कामगिरी आधीपेक्षा घसरली आणि ‘मेहनती’ मुलांची सुधारली.

सर्वांत बोलका भाग शेवटी होता. दुसऱ्या शाळेतील अनोळखी मुलांसाठी आपल्या अनुभवाविषयी लिहायला आणि आपले गुण नोंदवायला सांगितले गेले. ‘हुशार’ म्हणून वाखाणलेल्या मुलांपैकी जवळपास ४० टक्क्यांनी आपले गुण वाढवून लिहिले. मेहनतीचे कौतुक झालेल्यांत हे प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास होते. ही मुले स्वभावतः लबाड नव्हती. हुशारी हीच ओळख ठरली की कमी गुण म्हणजे त्या ओळखीलाच धक्का बसतो आणि ओळख वाचवण्यासाठी माणूस खोटे बोलतो.

अमेरिकेत वाढणाऱ्या भारतीय मुलांवर हे विशेषण दोन बाजूंनी येऊन आदळते. घरात ते असतेच. शाळेतही शिक्षक आणि वर्गमित्र ‘तुम्ही काय, गणितात पुढे असणारच’ असे गृहीत धरतात. समाजशास्त्रज्ञ जेनिफर ली आणि मिन झोऊ यांनी लॉस एंजेलिसमधील चिनी आणि व्हिएतनामी कुटुंबांच्या अभ्यासावर २०१५ मध्ये एक पुस्तक लिहिले. आशियाई कुटुंबांच्या यशामागे काही गूढ सांस्कृतिक गुण आहेत, हा समज त्यांनी तपासला. त्यांच्या मते, काही स्थलांतरित समूहांत मुळातच उच्चशिक्षित माणसे निवडून इकडे आली आणि यशाची त्यांची व्याख्या अतिशय अरुंद झाली : उत्तम श्रेणी, नामांकित विद्यापीठ, डॉक्टर-अभियंता-वकील असा पेशा. या व्याख्येमुळे पुष्कळ मुले पुढे गेली, हे खरे. पण जी त्या साच्यात बसली नाहीत, ती इतर कोणत्याही मोजमापाने उत्तम आयुष्य जगत असूनही स्वतःला अपयशी समजू लागली आणि काहींनी आपल्या समाजाशी असलेले नातेच सैल केले.

हे वर्णन मराठी घरांना परके वाटू नये. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर भारतातून येथे आलेल्यांत शिक्षणाच्या जोरावर निवडलेल्यांचा भरणा मोठा होता. पुढे संगणक क्षेत्रातील व्हिसांनी ही निवड आणखी कडक केली. चाळणीतून उरलेल्यांना चाळणी दिसत नाही. ‘आम्ही करून दाखवले, मग तुला काय अडचण आहे?’ हा प्रश्न त्यातून येतो. तो विचारणाऱ्याच्या वर्गात बसलेले आणि चाळणीतून खाली पडलेले चाळीस जण त्या क्षणी त्याला आठवत नाहीत.

मुले काय पाहतात

यावर बरेच सुबुद्ध पालक म्हणतील, ‘आम्ही मुलांना हुशार म्हणत नाही. मेहनतीलाच महत्त्व देतो. बुद्धी वाढवता येते, हे आम्हाला मान्य आहे.’ तेवढे पुरेसे आहे का, हे कायला हायमोविट्झ आणि कॅरल ड्वेक यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाहिले. पालकांची बुद्धीविषयीची मते आणि मुलांची बुद्धीविषयीची मते यांत त्यांना फारसा संबंध आढळला नाही. पालक बुद्धी वाढते असे मानत असले, तरी मुलांना ते कळलेलेच नव्हते. संबंध आढळला तो दुसऱ्याच गोष्टीशी. अपयश माणसाला खच्ची करते, असे ज्या पालकांना वाटत होते, त्यांच्या मुलांचा बुद्धी बदलत नाही या समजाकडे अधिक कल होता. अपयशातून शिकता येते, असे मानणाऱ्या पालकांच्या मुलांचे चित्र त्याच्या उलट होते.

याचे कारण समजायला कठीण नाही. बुद्धीविषयीचे मत मनात राहते. ते रोजच्या व्यवहारात क्वचितच दिसते. अपयशाविषयीचे मत मात्र मूल कमी गुण घेऊन घरी आले, की त्याच क्षणी चेहऱ्यावर उमटते. काळजीने आक्रसलेल्या भुवया, जोडीदाराशी दबक्या आवाजात झालेली चर्चा, ‘असू दे, गणित हा तुझा विषय नाही’ हे प्रेमाने केलेले सांत्वन, दुसऱ्याच दिवशी शोधलेली शिकवणी : हे सर्व मूल वाचत असते. त्या सांत्वनातही निकाल दडलेला असतो, हे सांत्वन करणाऱ्याच्या ध्यानीमनी नसते.

साठ दिवस

मुलांचे गुण हा अपयशाचा त्यातल्या त्यात सौम्य प्रकार झाला. येथील भारतीय कुटुंबांची खरी कसोटी नोकरी जाते तेव्हा लागते आणि २०२२ च्या अखेरीपासून तंत्रज्ञान क्षेत्रात झालेल्या कपातींनी ही कसोटी अनेक घरांत आणून ठेवली. २०१७ पासून लागू असलेल्या नियमानुसार एच-वन-बी व्हिसावरील व्यक्तीला नोकरी संपल्यापासून जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळते. व्हिसाची मुदत त्याआधी संपत असेल तर त्याहूनही कमी. तेवढ्यात नव्या कंपनीने अर्ज दाखल केला पाहिजे, दुसऱ्या दर्जासाठी अर्ज केला पाहिजे किंवा देश सोडला पाहिजे. घराचे हप्ते, मुलांची शाळा, ग्रीन कार्डाच्या रांगेत घालवलेली वर्षे, हे सारे त्या ६० दिवसांवर येऊन ठेपते.

इतका कमी वेळ हातात असताना धारणेचा परिणाम दिवसांत मोजता येतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतील बर्नार्ड वायनर यांनी यशापयशाची कारणे माणूस कशी लावतो, याचा अनेक दशके अभ्यास केला. त्यांच्या मते, कोणत्याही कारणाविषयी आपण तीन गोष्टी नकळत ठरवत असतो : ते माझ्या आतले आहे की बाहेरचे, कायमचे आहे की बदलणारे आणि माझ्या हातातले आहे की हाताबाहेरचे. ‘माझ्यातच दम नाही’ हे कारण आतले, कायमचे आणि हाताबाहेरचे. त्यातून लाज आणि हताशा येते आणि हात गळतात. ‘कंपनीने आमचा संपूर्ण विभाग बंद केला’ हे बाहेरचे. ‘गेल्या पाच वर्षांत मी नवे तंत्र शिकलो नाही’ हे आतले खरे, पण बदलता येण्याजोगे. दुसरे किंवा तिसरे कारण मानणारा माणूस पहिल्याच आठवड्यात वकिलाला आणि जुन्या सहकाऱ्यांना फोन करतो. पहिले मानणारा आधी लपतो.

हे लपणे आपल्या समाजात ओळखीचे आहे. नोकरी गेल्याचे पुण्याला किंवा नाशिकला आई-वडिलांना कळवले जात नाही. मंडळाच्या कार्यक्रमाला जाणे बंद होते. कोणी विचारलेच तर ‘सध्या थोडा ब्रेक घेतला आहे’ असे उत्तर दिले जाते. चार लोक काय म्हणतील, या भीतीपोटी ज्या चार लोकांकडून पुढच्या नोकरीची शिफारस मिळू शकली असती, त्यांनाच अंधारात ठेवले जाते. गुण वाढवून लिहिणाऱ्या त्या पाचवीतल्या मुलांची येथे आठवण यावी. ‘हुशार’ ही ओळख जपण्याचा खटाटोप वय वाढले म्हणून थांबत नाही. आणि या सगळ्या काळात घरातील दहा-बारा वर्षांचे मूल आई-बाबांकडे पाहत असते. अपयश आल्यावर मोठी माणसे काय करतात, याचा धडा ते त्या साठ दिवसांत गिरवते.

विश्वासाने काय होत नाही

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. ‘मनात आणले तर काहीही शक्य आहे’ असा या संशोधनाचा अर्थ काढला, तर तो संशोधनाशी अप्रामाणिकपणा ठरेल. धारणा बदलण्याच्या उपक्रमांचे परिणाम प्रत्यक्षात माफक असतात. डेव्हिड यीगर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ६५ सरकारी शाळांतील नववीच्या सुमारे १२,००० विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास २०१९ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. बुद्धी विकसित होऊ शकते, हे समजावणारा एक तासाहून कमी वेळाचा ऑनलाइन पाठ दिल्यावर मागे पडलेल्या विद्यार्थ्यांची सरासरी श्रेणी चारपैकी ०.१० गुणांनी वाढली. इतक्या स्वस्त उपायाच्या मानाने हे चांगलेच. पण चमत्कार नव्हे. शिवाय ज्या शाळांत अवघड काम अंगावर घेणे मुलांमध्ये मानाचे समजले जात होते, तेथे परिणाम टिकून राहिला. आजूबाजूच्या मंडळींनी साथ दिली नाही, तर एकट्याची धारणा फार काळ तग धरत नाही.

दुसरी मर्यादा याहून कठोर आहे. रोजगारावर आधारित ग्रीन कार्डांत एका देशाला साधारण सात टक्क्यांची मर्यादा आहे. सकारात्मक विचारांनी ती हलत नाही. आनंदीबाईंचेच पाहा. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागाचे काम त्यांच्याकडे येणार होते. पण अमेरिकेतच क्षयाने त्यांना ग्रासले आणि मायदेशी परतल्यावर २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पूर्ण होण्याआधी, पुण्यात त्यांचे निधन झाले. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच शोधला होता. परंतु त्यावरचे पहिले परिणामकारक औषध यायला आणखी साठ वर्षे लागायची होती. त्या काळात कोणत्याही निर्धाराने तो आजार बरा होणार नव्हता. ‘तिची इच्छाशक्ती कमी पडली’ असे आज कोणी म्हटले, तर ते आपल्याला निर्दय वाटेल. मग नोकरी गेलेल्या मित्राला ‘तू पुरेसा सकारात्मक नव्हतास’ असे सुचवणे, किंवा अभ्यासात खरीखुरी अडचण असलेल्या मुलाला ‘तू मनावर घेत नाहीस’ असे म्हणणे त्याच जातीचे नाही का? धारणांचे शास्त्र दुसऱ्याला दोष देण्यासाठी वापरले की ते शास्त्र राहत नाही. निराशा आठवडेच्या आठवडे हटत नसेल, झोप-भूक उडाली असेल, तर विचार तपासण्याच्या सल्ल्याआधी तज्ज्ञाची मदत हवी. अमेरिकेत ९८८ या क्रमांकावर ती दिवसरात्र उपलब्ध आहे.

घरात काय करता येईल

मग या सगळ्यातून व्यवहारात उतरवण्याजोगे काय उरते? पहिली गोष्ट म्हणजे स्वतःच्या वाक्यांतील ‘च’ ओळखणे. वाईट बातमी आल्यावर मनात आलेले वाक्य कागदावर जसेच्या तसे लिहावे आणि त्यात एका घटनेविषयी बोलले आहे की संपूर्ण माणसाविषयी, हे पाहावे. ‘मुलाखत फसली’ हे घटनेविषयी आहे. ‘मला मुलाखती जमतच नाहीत’ हे माणसाविषयी. पहिल्या वाक्यावर काम करता येते.

दुसरी गोष्ट बांडुरांकडून घ्यावी. स्वतःला किंवा मुलाला धीर देण्यात शक्ती घालवण्यापेक्षा, पार पडू शकेल एवढे लहान काम हाती द्यावे. वीस कंपन्यांना अर्ज पाठवण्याचा संकल्प सोडून आज एका जुन्या सहकाऱ्याला फोन करावा. तो झाला, की उद्याच्या फोनसाठी मनाजवळ एक पुरावा तयार असतो.

तिसरी गोष्ट आपल्या पिढीला सर्वांत जड जाणारी आहे. आपल्या यशाच्या कथा मुलांना पाठ आहेत : कंदिलाखाली नसला तरी कॉट बेसिसवर केलेला अभ्यास, प्रवेश परीक्षा, दोन सुटकेसा घेऊन गाठलेले विद्यापीठाचे गाव. या कथांत नापास झालेली चाचणी, नाकारले गेलेले अर्ज, वरिष्ठांनी परत पाठवलेले काम आणि त्या वेळी कोणी हात दिला, हे सहसा नसते. ते सांगितले, तर कथेची शोभा कमी होईल. पण मुलाच्या हाती काहीतरी वापरण्याजोगे लागेल. मराठी मंडळांच्या स्नेहसंमेलनांत गुणवंतांचा सत्कार होतो, तो व्हावाच. त्याच व्यासपीठावर एखाद्या पन्नाशीच्या गृहस्थाने नोकरी गेल्यानंतरचे आपले सहा महिने तपशिलाने सांगितले, तर श्रोत्यांत बसलेल्या आणि घरी कोणाला काहीच न सांगितलेल्या एखाद्याला दुसऱ्या दिवशी फोन उचलण्याचे बळ मिळू शकेल.

आणि सर्वांत सोपी गोष्ट : पुढच्या वेळी मूल कमी गुणांचा पेपर घेऊन घरी येईल, तेव्हा आपला पहिला प्रश्न कोणता असेल, हे आजच ठरवून ठेवावे. ‘वर्गात सर्वांत जास्त कोणाला मिळाले?’ असे विचारावे, की ‘कोणते गणित अडले, ते दाखव बघू’ असे म्हणावे? दुसऱ्या प्रश्नाला फार वेळ लागत नाही. फक्त तो विचारताना हातातला फोन खाली ठेवून मुलाच्या शेजारी बसावे लागते.